तुमचे प्रश्न: एआयचे बॉट ब्लॉक करू की राहू देऊ?

प्रश्न: नमस्कार ताई, माझं छोटं ऑनलाइन स्टोअर आहे, चारशेच्या आसपास प्रॉडक्ट्स, वर्णनं सगळी मी स्वतः बसून लिहिलीयत आणि फोटोही मीच काढलेत. गेले दोन महिने साइट सारखी स्लो होतेय म्हणून होस्टिंगवाल्यांकडून लॉग (साइटवर कोण कधी आलं त्याची नोंद) मागवले, तर त्यात गिऱ्हाइकांपेक्षा बॉटच, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम, जास्त! जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, बाइटस्पायडर आणि अजून काय काय. भाऊ म्हणतो सगळे ब्लॉक कर, फुकटात आपली मेहनत नेतायत. मैत्रीण म्हणते वेडी आहेस का, लोक आता चॅटजीपीटीला विचारून खरेदी करतात, तू दिसणारच नाहीस. कोणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ आणि मैत्रीण दोघं वेगवेगळ्या बॉटबद्दल बोलतायत, म्हणून तुमच्या घरातला वाद मिटत नाहीये. लॉगमध्ये सगळी नावं एका रांगेत दिसतात पण त्यांची कामं एक नाहीत. जीपीटीबॉट, क्लॉडबॉट आणि कॉमन क्रॉल या वेबचा साठा करणाऱ्या संस्थेचा सीसीबॉट हे मजकूर गोळा करून नेतात, तो मुख्यतः एआयचं मॉडेल शिकवायला (ट्रेनिंगला) वापरला जातो, त्यातून तुमच्याकडे गिऱ्हाईक येईल असा थेट रस्ता नाही. ओएआय-सर्चबॉट, क्लॉड-सर्चबॉट, परप्लेक्सिटीबॉट हे सर्चवाले, म्हणजे कोणी विचारलं की उत्तरात तुमची लिंक दाखवता यावी म्हणून येतात. आणि तिसरा प्रकार चॅटजीपीटी-यूजरसारखा, तिकडे कोणीतरी माणूस आत्ता या क्षणी प्रश्न विचारून बसलाय आणि त्याच्यासाठी बॉट तुमचं पान उघडतोय, हे जवळजवळ गिऱ्हाईकच समजा.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला अजिबात अडवू नका. पहिल्याचं काय करायचं ते तुम्ही काय विकता त्यावर आहे. वर्तमानपत्रवाले चिडतात ते बरोबरच आहे, कारण त्यांचा लेख हाच त्यांचा माल, तो एआयच्या उत्तरात वाचून झाला की साइटवर जायचं कारणच उरत नाही. तुमचं तसं नाही, वर्णन कितीही वाचलं तरी वस्तू तुमच्याकडूनच घ्यावी लागणार, तुमचा मजकूर म्हणजे दुकानाची पाटी. पण समजा तुम्ही पॅटर्न किंवा डिझाइनच्या फाइल्स विकत असाल, किंवा खरेदीचे मोठमोठे गाइड लिहून त्यावर लोक आणत असाल, तर तेवढ्या भागापुरते तुम्हीही वर्तमानपत्रवालेच झालात, तो फोल्डर ट्रेनिंगवाल्यांना बंद करा. अख्खं दुकान कशाला?

आता साइट स्लो होण्याचं. इथे मला वाटतं तुमचा खरा प्रॉब्लेम एआय नाहीच, फिल्टर आहेत. चारशे प्रॉडक्ट्सची चारशे पानं कोणताही सर्व्हर आरामात देतो. पण सहा रंग, पाच साइझ, लावायचे चार क्रम असं धरलं तरी एका कॅटेगरीची १२० पानं झाली, आणि दोन-तीन रंग एकदम निवडता येत असतील तर आकडा हजारांत जातो, आणि बॉटला कुठे कळतंय की हा तोच माल उलटासुलटा करून दाखवलाय, तो प्रत्येक लिंक उघडत बसतो. शिवाय अशी पानं बहुतेक वेळा कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून, येत नाहीत, दरवेळी डेटाबेसला नव्याने काम लागतं. आधी रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (बॉटनी कुठे जाऊ नये हे सांगणारी साइटवरची फाइल) फिल्टरचे, साइटमधल्या सर्चचे आणि कार्टचे पत्ते सगळ्या बॉटना बंद करा, पंधरा दिवस लॉग बघा, मगच पुढचं ठरवा.

ही फाइल म्हणजे कुलूप नाही, ‘कृपया आत येऊ नये’ अशी पाटी आहे. १९९४ पासून चालत आलेली पद्धत, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजाच्या रूपात कागदावर आली, पण पाळणं न पाळणं येणाऱ्याच्या हातात. परप्लेक्सिटी ही एआय सर्चवाली कंपनी तर स्वतःच सांगते की त्यांचा माणसाच्या सांगण्यावरून पान उघडणारा बॉट साधारणपणे ती बघत नाही. आणि बॉटचं नाव कोणीही लावू शकतं! लॉगमध्ये जीपीटीबॉट लिहिलंय म्हणजे तो ओपनएआयचाच असं नाही, कंपनी आपल्या आयपी पत्त्यांची यादी जाहीर करते तिच्याशी ताडून बघायला होस्टिंगवाल्यांना सांगा. जे तोतये निघतील किंवा पाटी वाचूनही घुसतील त्यांना फायरवॉलवर अडवा, तिथे भीडभाड नको. क्लाउडफ्लेअर (साइटपुढे राहून तिला सांभाळणारी सेवा) वापरत असाल तर एकदा सेटिंग बघून घ्या, १ जुलै २०२५ ला त्यांनी जाहीर केलं की नव्या साइटना एआय क्रॉलर, म्हणजे हेच बॉट, डिफॉल्टनेच बंद असतील, म्हणजे तुम्ही काहीच ठरवलं नसेल तरी ठरून गेलेलं असू शकतं.

गूगलचं प्रकरण जरा किचकट आहे. त्याच फाइलमध्ये गूगल-एक्स्टेंडेड नावाची नोंद बंद केली की तुमचा मजकूर गूगलच्या जेमिनी या एआयच्या ट्रेनिंगला जात नाही आणि सर्चमधल्या जागेवर परिणाम होत नाही, इथपर्यंत छान. पण सर्चमध्ये वर जे एआयचं उत्तर येतं ते साध्या गूगलबॉटच्याच जिवावर, आणि गूगलबॉट बंद केला तर दुकानच गूगलवरून गेलं. (मी एकदा घाईत त्या फाइलमध्ये स्टारपुढे (म्हणजे सगळे बॉट) स्लॅश (म्हणजे सगळी साइट) टाकून सगळ्यांनाच बंद करून ठेवलं होतं, आठवडाभराने कळलं ऑर्डर का येत नाहीयेत ते. फाइल सेव्ह करायच्या आधी दोनदा वाचा.)

आणि मैत्रिणीचं म्हणणं खरं किती ते तुमच्याच ॲनालिटिक्समध्ये दिसेल. चॅटजीपीटीच्या सर्चमधून येणाऱ्या लिंकला सोर्स म्हणून त्याचं नाव चिकटलेलं असतं, तेवढं फिल्टर लावून बघा, किती आले आणि त्यातल्या किती जणांनी घेतलं.

प्रश्न: ताई, अमुक मोठ्या कंपनीने ब्लॉक केलं म्हणून आम्हीही करावं का? आणि आधी नेलेला मजकूर परत मिळतो का?

उत्तर: ॲमेझॉनने २०२५ मध्ये बऱ्याच एआय बॉटना पाटी लावली हे खरं. पण त्यांच्याकडे लोक सरळ ॲप उघडून जातात, स्वतःच्या सर्चमध्ये जाहिराती विकून पैसा येतो, मधे तिसरा कोणी गिऱ्हाईक आणून देणारा त्यांना नकोच आहे. तुमच्याकडे लोक नाव टाइप करून येतात का? येत असतील तर करा खुशाल. आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीचाच माल विकत असाल, तर तेच वर्णन आणखी पन्नास दुकानांत पडलेलं असतं, तुम्ही बंद केलंत तर उत्तरात वस्तू येईलच, फक्त दुकान दुसऱ्याचं असेल.

आधी नेलेलं परत येत नाही. पाटी पुढच्या फेरीपासून लागू होते, तीही लगेच नाही, ओपनएआय आणि गूगल दोघांच्याही बाबतीत साधारण चोवीस तास धरून चाला.