रेड १ लावलं तर वेगळा बॅकअप घ्यावा लागतो का?

तुम्ही विचारलंय, स्टुडिओत ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क रेड १ मध्ये लावल्या तर लग्नाच्या फोटोंचा वेगळा बॅकअप लागेल का. लागेल. माझाही परभणीत हाच धंदा आहे आणि मी हे एका हळदीचे फोटो घालवून शिकलोय.

रेड १ म्हणजे आरसा. एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. म्हणून दोन डिस्क घेऊनही जागा ४ टीबीच मिळते. एक मेली तरी काम थांबत नाही, फायदा एवढाच. आमच्या पोरानं जागा करायला म्हणून भलतंच फोल्डर उडवलं, तर ते दोन्हीकडून एकदमच गेलं. नवरीच्या मामांना काय तोंड दिलं ते इथं लिहीत नाही. व्हायरसनं फायली लॉक केल्या तरी तेच होणार.

दुसरी गोम दुकानदार सांगत नाही. मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून एमडीअ‍ॅडमनं, म्हणजे लिनक्समधल्या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमनं, जोडणी केलीय. गल्लीतली डीपी जळाली, दोन दिवस लाईट नव्हती. आली तेव्हा सगळं झक्कास चालू. एकदा सहज स्टेटस बघितलं तर कंसात चालू डिस्कमागे एक असे दोन 'यू' पाहिजेत तिथं एक 'यू' आणि शेजारी आडवी रेघ! एक डिस्क कधीचीच बाहेर पडलेली, आणि अख्खी लग्नसराई मी एकट्या डिस्कवर काढली होती. तेव्हा मेलवर अलर्ट लावाच. फोटो भरायच्या आधी मशीन बंद करून एक डिस्क काढा, परत चालू करा आणि मेल येतो का बघा.

नवी डिस्क घातली की सगळा डेटा तिच्यावर परत उतरतो. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला साडेसात तास जातात. उरलेल्या डिस्कवर तेवढा वेळ ताण, त्यात आपल्याकडची लाईट. यूपीएस घ्याच, घरच्या इन्व्हर्टरवर लाईट जाताना कॉम्प्युटर कधीकधी रिस्टार्ट होतो. डिस्क घेताना सीएमआर (डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिणारी) मागा, एसएमआरवाल्या (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डेटा परत उतरवताना फार रेंगाळतात.

आणि बॅकअपला तिसरी डिस्क, यूएसबीची. दर रविवारी कॉपी करायची, केबल काढायची, स्टुडिओबाहेर ठेवायची. माझी जिंतूरला बहिणीच्या कपाटात असते. दोनच डिस्कचं बजेट असेल तर रेड करूच नका, दुसरी डिस्क बॅकअपलाच वापरा.