सायबरपंक (संगणक आणि शरीरात बसवलेल्या यंत्रांनी व्यापलेल्या काळोख्या भविष्याच्या विज्ञानकथा) शैलीतले तंत्रज्ञान आणि जादू यांचा मेळ घालणाऱ्या कादंबऱ्यांची सुरुवात कुठून करावी?

‘शॅडोरन’पासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. १९८९ साली भूमिका वठवून खेळायचा टेबलावरचा खेळ म्हणून आलेल्या या काल्पनिक विश्वात बलाढ्य कंपन्या, ड्रॅगन आणि हॅकर एकाच सिअ‍ॅटल शहरात वावरतात; त्यातली ‘नेव्हर डील विथ अ ड्रॅगन’ (१९९०) ही कादंबरी आधी घ्यावी. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिथला एक नियम: शरीरात जितकी यंत्रे बसवावीत तितके माणसाचे सत्त्व घटते आणि त्याबरोबर जादूची शक्तीही ओसरते, त्यामुळे कृत्रिम डोळा किंवा धातूचा हात बसवून घेणाऱ्या मांत्रिकाला त्याची किंमत मोजावीच लागते. खेळाचे नियम ठाऊक नसले तरी वाचताना अडत नाही. भाषा अधिक कसदार हवी असेल, तर विल्यम गिब्सन यांची ‘काउंट झीरो’ (१९८६) वाचावी. तिथे संगणकांच्या जाळ्यातच वूडू या कॅरिबियन धर्मातल्या देवता अवतरतात.