डॅशकॅम घेताय? आधी रात्रीचं फुटेज बघा

प्रश्न: सगळे म्हणतात, डॅशकॅम (काचेवर लावून रस्ता टिपणारा कॅमेरा) घ्यायचा तर ‘फोर-के’च घ्या. जास्तीचे पैसे वसूल होतात का?

दिवसा होतात. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे जरा लांबच्या गाडीची नंबरप्लेटही वाचता येते. रात्री मात्र गणित फिरतं. तेवढ्याच सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. तो भरून काढायला शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि धावत्या गाडीची प्लेट फरफटल्यासारखी दिसते. म्हणून त्या मॉडेलचं रात्रीचं मूळ फुटेज मिळवा आणि समोरून हेडलाइट येत असताना ते थांबवून बघा. आकडे वाचता येत नसतील तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तो घेऊ नका. १७० अंशांच्या लेन्सवरही भाळू नका. एवढं सगळं चौकटीत बसवायचं तर प्लेट बारीक होणारच. १४०च्या आसपास पुरे.

प्रश्न: गाडी उन्हात उभी असते. कॅमेऱ्याची बॅटरी फुगली. आता कोणता घेऊ?

सुपरकपॅसिटरवाला, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग असलेला. तो काचेमागची उष्णता लिथियम बॅटरीपेक्षा चांगली सोसतो. त्यात वीज जेमतेम काही सेकंदांची असते, पण धडकेत वायर तुटली तर चालू फाइल जपायला तेवढी पुरते.

प्रश्न: पार्किंगमध्ये कुणीतरी दार घासून गेलं. पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग) लावला तर गाडीची बॅटरी उतरेल का?

हिशेब करू. कॅमेरा ५ वॉटचा धरा, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर. दहा तासांत ४ अँपिअर-तास गेले. ४५ अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी एवढं सहज देते. गाडी चार दिवस जागची हलली नाही तर मात्र बसते. यासाठी कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणारं हार्डवायर किट बसवा, पण कटऑफ असलेलं, म्हणजे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की कॅमेऱ्याची वीज तोडणारं आणि कटऑफ १२.२ व्होल्टच्या खाली नेऊ नका. बॅटरी जुनी असेल तर १२.४ बरा. पण एक सांगून ठेवतो: पुढच्या-मागच्या कॅमेऱ्याला दार दिसतच नाही. घासणारी गाडी येता-जाता सापडली तर सापडली.

प्रश्न: दिवा लुकलुकत होता, तरी हवी ती क्लिप कार्डात नाही. कॅमेरा खराब आहे का?

बहुधा कार्ड. माझ्या गाडीला मागून धक्का बसला तेव्हा घरी येऊन बघतो तर शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची! कॅमेऱ्याने चकार शब्द काढला नव्हता. २५ मेगाबिटने रेकॉर्डिंग केलं तर तासाला ११ जीबी लिहिले जातात. १२८ जीबीचं कार्ड साधारण अकरा तासांत भरतं, मग जुन्यावर नवं, म्हणजेच लूप. रोजची ही घासाघीस साध्या कार्डाला झेपत नाही, ‘हाय एंड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. धक्का ओळखणारा जी-सेन्सरही तपासा. तो फार संवेदनशील ठेवला की प्रत्येक खड्ड्याला ‘अपघात’ समजून फाइल लॉक करतो, आणि लॉक केलेल्या फाइली लूपमध्ये पुसल्या जात नाहीत. महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. त्याआधी शेवटची फाइल उघडून तिच्यावरची तारीख वाचा.