टोलेजंग गल्ली आणि रात्रीचा उकाडा

प्रश्न : नौपाड्यातील आमची चार मजली इमारत पुनर्विकासाला जाणार असून तिच्या जागी बावीस मजली इमारत येणार आहे. गल्लीतील आणखी तीन सोसायट्यांचेही तसेच ठरले आहे. हल्ली एप्रिल-मे महिन्यांत रात्री अकरानंतरही घराच्या भिंती हाताला गरम लागतात. दाटीच्या बांधकामाने उकाडा वाढतो हे खरे आहे का, आणि खरे असल्यास आम्ही पुनर्विकासाला नकार द्यावा का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : उकाडा वाढतो हे खरे आहे, परंतु किती वाढेल हे मजल्यांच्या संख्येपेक्षा दोन इमारतींमधील अंतरावर आणि खाली शिल्लक राहिलेल्या जमिनीवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे थेट नकार देण्याआधी आराखडा मागवून तो बारकाईने वाचावा, असे मला वाटते.

आपण रात्रीच्या भिंतीचा उल्लेख केलात, आणि या विषयाचे मर्म तिथेच आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हवामानाचे इंग्रज अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी लंडन शहरातील आणि बाहेरच्या खुल्या भागातील तापमानाच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा शहर रात्री सुमारे २ अंश सेल्सिअसने अधिक उबदार आणि दिवसा मात्र किंचित थंडच आढळले. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत दुपारी सावली असते, हे आपणही अनुभवले असेल. पण काँक्रीट आणि डांबर दिवसभर शोषलेली उष्णता सूर्यास्तानंतर सोडू लागतात, तेव्हा ती निसटण्याची वाट आकाशाकडे असते. गल्लीतून दिसणारी आकाशाची पट्टी जितकी चिंचोळी, तितकी ही उष्णता समोरच्या भिंतीवर आदळून पुन्हा गल्लीतच राहते. चार मजल्यांच्या जागी बावीस मजले आले आणि रस्ता तेवढाच राहिला, तर हीच पट्टी आक्रसते.

त्यात वातानुकूलन यंत्रांची भर पडते. दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे ५ किलोवॅट उष्णता उपसते आणि स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता तीत मिसळून सगळी बाहेर टाकते. ही यंत्रे अरुंद डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतील उभ्या पोकळीत, एकावर एक बसवली, तर खालच्या यंत्राची गरम हवा वरच्याला मिळते, सर्वांचेच वीजबिल वाढते आणि डक्टकडे खिडकी असलेल्या घराचे हाल होतात.

आपल्याकडे मला सर्वाधिक काळजी वाटते ती वाऱ्याची. झाडे आणि ओली माती पाण्याची वाफ करून हवा थंड करतात, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. मात्र खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळण्यासाठी वारा लागतोच, आणि ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्याने समुद्रावरून येणारे वारे आधीच अडतात. त्यातही हद्दीपासून हद्दीपर्यंत पसरलेला पार्किंगचा पोडियम, म्हणजे इमारतीच्या पायाशी असलेला रुंद चौथरा, आला, तर पादचाऱ्याच्या उंचीवरचा उरलासुरला वारा बंद होतो, आणि पोडियमवरच्या कुंड्यांमध्ये वडा-पिंपळाएवढे झाड कधीच वाढत नाही.

म्हणून विकासकाला पुढील गोष्टी लेखी विचारा. सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांमधील मोकळी जागा, किती सोडले आहे आणि त्यासाठी सवलत मागितली आहे का? पोडियमखाली न जाणारी, मूळ मातीची जागा किती राहणार? इमारतीची रुंद बाजू वाऱ्याला आडवी येते का? आवारातील कोणती झाडे राहणार? झाडांबाबत आपल्या हाती कायदाही आहे : १९७५च्या राज्य वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडीसाठी परवानगी लागते, जाहीर नोटीस द्यावी लागते आणि नागरिकांना हरकत नोंदवता येते. चारही सोसायट्यांनी हे एकत्र विचारले, तर दोन इमारतींमधून वारा जाण्याची वाट ठेवणे शक्य होईल; एकेकट्या सोसायटीला ते जमत नाही.

नकाराविषयी एवढेच म्हणेन की जुन्या वस्तीत घरे वाढली नाहीत, तर ती येऊरच्या पायथ्याशी आणि खारफुटीच्या कडेने वाढतात. रात्री लवकर निवणारी हीच आपली उरलेली जमीन आहे, आणि २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झालेली ठाणे खाडीही तिला लागूनच आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीला पांढरा रंग दिल्यास फरक पडेल का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : सर्वांत वरच्या मजल्याला निश्चित पडेल. चांगला पांढरा परावर्तक थर नवा असताना बहुतांश ऊन परतवतो. खालच्या मजल्यांना मात्र त्याचा उपयोग फार थोडा, कारण तिथे ऊन भिंतींवर आणि खिडक्यांवर पडते. त्यांनी पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करावी. धूळ आणि पावसाळ्यातील शेवाळ यांमुळे पांढरेपणा कमी होतो, तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस गच्ची घासून धुवावी आणि आवश्यक वाटल्यास पुन्हा हात द्यावा.