शाळेची जागा आणि साठेखतातले कलम अकरा

प्रश्न : नव्या शाळेसाठी आमच्या संस्थेने एका शेतजमिनीचे साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) केले आणि विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला. साठेखत नोंदवलेले नाही. बिनशेती परवानगी मालकाने आणायची होती. ती आलेली नाही आणि मालक ‘होईल, थांबा’ एवढेच सांगतो. आता त्याला जास्त भाव देणारा दुसरा कोणी भेटल्याचे कळते. काय करावे? (एक विश्वस्त)

उत्तर : अशी पत्रे सतत येतात. रस्ता, पाणी, मैदान सगळे पाहून होते आणि साठेखत मात्र सही करण्यापुरतेच उघडले जाते. तुमच्या साठेखतात कलम चार म्हणते, परवानगीनंतर तीन महिन्यांत खरेदीखत करायचे. कलम अकरा म्हणते, व्यवहार ‘कोणत्याही परिस्थितीत’ अमुक तारखेच्या आत पूर्ण करायचा. तुम्ही कलम चार धरून बसलात. तुमचा दावा कलम अकरावर ठरणार आहे.

मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 54 प्रमाणे करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मागण्याचा, दावा तीन वर्षांत लावावा लागतो. करारात तारीख ठरलेली असेल तर तीन वर्षे त्या तारखेपासून. नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे तुम्हाला कळले तेव्हापासून. ‘तारीख’ म्हणजे कॅलेंडरवरची निश्चित तारीख, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले आहे. नुसते कलम चार असते तर तुमच्याकडे वेळ होता. कलम अकरात दिवस, महिना, वर्ष लिहिलेले आहे आणि त्या तारखेला तीन वर्षे व्हायला तीन महिनेही उरलेले नाहीत. दोन्ही कलमे एकत्र वाचावीत, असा युक्तिवाद करता येईल, पण शाळेचे पैसे त्या युक्तिवादावर लावू नका.

मालकाच्या तोंडी आश्वासनांनी मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. मुदत संपण्याआधी त्याने तुमचा हक्क मान्य करून लेखी सही दिली तरच नवी मुदत मिळते. तशी सही या आठवड्यात मागा. टाळाटाळ झाली तर दावा लावा.

दाव्यात विसार परत मिळण्याची पर्यायी मागणी आवर्जून लिहा. ती न मागता न्यायालय रक्कम देत नाही. उरलेली रक्कम देण्याची तयारी कायम होती, हेही दाखवावे लागेल. त्यासाठी संस्थेचे बँक उतारे आणि ठराव काढून ठेवा. कर्ज काढून पैसे उभे करणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागू शकते. तेही आत्ताच तपासा. साठेखत नोंदवलेले नसले तरी करारपूर्तीच्या दाव्यात ते पुराव्यात येऊ शकते, मात्र मुद्रांक कमी असेल तर फरक आणि दंड भरावा लागेल. दावा लागताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंद नसेल तर दावा चालू असताना जमीन घेणाऱ्याला निकाल बांधत नाही. तो दुसरा गिऱ्हाईक याच फटीतून आत येईल.

शेतकरी नसलेल्या संस्थेला शेतजमीन घेण्यासाठी कुळकायद्याच्या कलम 63 खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल का, हे ती जमीन विकास आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवली आहे त्यावर ठरेल. सात-बारा, फेरफार आणि आराखड्याचा दाखला पाहिल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिले असेल तर मात्र पुढचे पाऊल टाकण्याआधी मला कळवा.

आपल्या न्यायालयांत असे दावे वर्षानुवर्षे पडून राहतात आणि तोवर ज्या मुलांसाठी जागा घेतली ती मोठी होऊन जातात. मला याची फार चीड येते. म्हणून दावा लावा, पण त्याच जागेवर अडून राहू नका. दुसरी जागा पाहायला आत्ताच लागा आणि तिच्या साठेखताचा मसुदा सहीआधी वकिलाकडे पाठवा. परवानगी कोणी आणायची, कधीपर्यंत, आणि न आल्यास विसार किती दिवसांत परत, हे एकाच कलमात येऊ द्या. ते साठेखत त्याच दिवशी नोंदवा.