रस्ता कोणाचा, सदस्याचं काम कोणतं?

प्रश्न : आमच्या गावाच्या रस्त्यावर पावसाळ्यात केळीचे भरलेले ट्रक रुततात. जिल्हा परिषद सदस्य म्हणतात, "माझ्या हातात काही नाही." मग त्यांना निवडून कशाला दिलं? (एक शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : आधी रस्त्याचा क्रमांक काढा. 'ग्रामा' म्हणजे ग्रामीण मार्ग आणि 'इजिमा' म्हणजे इतर जिल्हा मार्ग, हे जिल्हा परिषदेकडे असतात. 'प्रजिमा', म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. क्रमांक परिषदेच्या बांधकाम उपविभागात शाखा अभियंत्याकडे मिळतो. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्महिने नुसता फिरत राहतो.

रस्ता परिषदेचा निघाला, तर सदस्यांचं उत्तर आम्हाला मान्य नाही. अंमलबजावणी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची, हे खरं. सदस्य एकट्याने निधी मंजूर करू शकत नाही. पण आपल्या गटातली, म्हणजे मतदारसंघातली, कामं सुचवणं, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणं, ठराव मांडणं हे त्यांचंच काम आहे. ही सभा निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी लागते. त्यासाठी त्यांच्याकडे लेखी मागणी द्या: रस्त्याचा क्रमांक, किती मीटर खराब, रस्त्याखालची मोरी कुठे तुंबते, सोबत फोटो आणि ग्रामसभेचा ठराव. पोच घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं सभेच्या इतिवृत्तात येत नाही.

पुढचा क्रम असा: कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश). सदस्यांनी सर्वांत जास्त लक्ष अंदाजपत्रकावर ठेवायला हवं. आपली काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. बाजूची नाली आणि मोरी वगळून नुसतं डांबर टाकलं, तर पाणी खाली मुरतं आणि रस्ता खचतो. मग दोष ट्रकवाल्यांच्या माथी मारला जातो. अंदाजपत्रकात नाली धरली आहे की नाही, हे निविदा निघण्याआधीच विचारा. काम झाल्यावर दोषदायित्वाचा कालावधी किती, तेही लिहून घ्या. त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

परिषदेची मुदत संपून प्रशासक नेमलेला असेल, तर हीच मागणी थेट त्याच्याकडे द्या.

प्रश्न : सदस्यांनी शाळाखोलीच्या कामात भागीदारी घेतली तर चालतं का? (एक वाचक, साक्री)

उत्तर : नाही. परिषदेच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार सदस्यपद जाऊ शकतं. ऐकीव माहितीवर तक्रार टिकत नाही. माहिती अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, कार्यारंभ आदेश आणि देयकांच्या प्रती घ्या. त्या जोडून नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे अर्ज करा.