थांबावं की घेऊन टाकावं? येऊ घातलेल्या फोनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्टेंबरात नवा आयफोन आला की आधीचा स्वस्त होतो म्हणतात. नेमका किती? तेवढ्यासाठी थांबावं का? (सांगली)

साध्या मॉडेलला दहा हजारांचा फरक पडत आलाय. आयफोन १५ भारतात ७९,९०० रुपयांना आला आणि २०२४ च्या सप्टेंबरात १६ आल्यावर ६९,९०० झाला. १६ चंही २०२५ मध्ये तेच झालं. पण नुसता हा आकडा फसवा आहे. २०२५ मध्ये १७ ची किंमत होती ८२,९००, आणि त्यात २५६ जीबी जागा आणि १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारा पडदा होता. ६९,९०० च्या १६ मध्ये १२८ जीबी आणि ६० हर्ट्झ. म्हणजे तेरा हजार जास्त दिले की जागा दुप्पट, शिवाय पडदाही सरस. कंपनीच्या छापील भावाने जुना घेणं तेव्हा तोट्याचंच होतं. जुना घ्यायचाच असेल तर सणासुदीच्या सेलमध्ये, कार्डाची सूट धरून तो आणखी खाली येतो तेव्हा घ्या.

प्रो मॉडेलसाठी हा हिशेब चालत नाही. नवा प्रो आला की ॲपल जुना प्रो आपल्या विक्रीतून काढूनच टाकते. मग उरतो तो दुकानदारांकडचा साठा. त्यात रंग आणि जीबी मिळतील ते घ्यायचे.

अँड्रॉइडवाल्यांनी तर भाव उतरेलच असं धरूनच चालू नये. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिपांचे दर चढले, त्याचा भार फोनच्या किमतींवरही येतो. हातातला फोन धड चालत नसेल तर चार महिने वाट बघण्यात अर्थ नाही.

एक पोटप्रश्नही होता : 'नो कॉस्ट ईएमआय' खरंच फुकट असतो का? नाही. व्याजाएवढी सूट आधी वजा करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. व्याज ५,००० असेल तर ९०० रुपये, वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट ईएमआयवर मिळत नसेल, तर तीही खर्चातच धरा.

प्रश्न : फोन यायच्या सहा महिने आधीपासून 'लीक' सुरू होतात. त्यातलं खरं किती मानायचं? (नाशिक)

बातमी कुठून आली ते आधी पाहा. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) यादीत मॉडेल नंबर दिसला तर फोन भारतात विकायची तयारी चालू आहे, एवढं पक्कं. तिथे किंमत, तारीख किंवा कॅमेरा यांपैकी काही नसतं. 'बीआयएसवर दिसला, पुढच्या आठवड्यात येणार' हा पुढचा भाग लिहिणाऱ्याने जोडलेला असतो. चीनच्या थ्रीसी या सक्तीच्या प्रमाणपत्राच्या नोंदणीत चार्जिंग किती वॉटचं ते कळतं आणि ते बहुधा बरोबर निघतं. कव्हर बनवणाऱ्यांना मापं आधीच लागतात, त्यामुळे फोनचा आकार आणि कॅमेऱ्याची जागा यांच्याही बातम्या सहसा खऱ्या ठरतात.

घोळ होतो तो आतल्या सोयींबाबत. उपग्रहामार्फत संदेश पाठवायची सोय आयफोन १३ मध्ये येणार म्हणून २०२१ मध्ये केवढा गवगवा झाला होता. ती आली १४ मध्ये, २०२२ साली. बातमी निराधार नव्हती, वर्ष चुकलं. पण त्या भरवशावर १३ घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

रुपयांतली किंमत मात्र लीकमध्ये वाचूच नका. डॉलरच्या आकड्याला विनिमय दराने गुणून काढलेल्या रकमेत आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरलेले नसतात.

प्रश्न : सॅमसंगच्या पुढच्या गॅलेक्सी एस मालिकेत भारतात एक्सिनॉस चिप असेल तर घेऊ नये, असं सगळे सांगतात. (पिंपरी)

एक्सिनॉस ही सॅमसंगची स्वतःची चिप, स्नॅपड्रॅगन क्वालकॉमची. सगळे सांगतात ते जुन्या एक्सिनॉस फोनांच्या तापण्याच्या आठवणीतून. सॅमसंगने भारतात यात एकच एक धोरण ठेवलेलं नाही. एस२१ एक्सिनॉसवर, एस२२ आणि एस२३ स्नॅपड्रॅगनवर. एस२४ आणि एस२४ प्लस पुन्हा एक्सिनॉस २४०० वर, अल्ट्रा तेवढा स्नॅपड्रॅगनवर. एस२५ मालिका सगळी स्नॅपड्रॅगनवर. तेव्हा मागच्या वर्षावरून पुढचा अंदाज बांधू नका.

परदेशी परीक्षण वाचताना त्यांच्या हातात कोणत्या चिपचा फोन होता ते आधी बघा. अमेरिकेतला एस२४ स्नॅपड्रॅगनचा होता, त्यामुळे त्याचे बॅटरीचे आकडे आपल्या फोनला लागू नव्हते. भारतीय फोनचं परीक्षण मिळालं की त्यात थ्रीडीमार्क या चिपची ताकद मोजणाऱ्या ॲपची 'वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट' शोधा. ती तोच प्रसंग ओळीने २० वेळा चालवते. पहिल्या फेरीच्या गुणांना भुलू नका, सर्वांत कमी गुण किती पडले ते पाहा. फोन तापला की चिप आपला वेग उतरवते, आणि उन्हात नकाशा लावून गाडी चालवताना तुमच्या वाट्याला तोच वेग येतो.

प्रश्न : नवा आयफोन आला की भाऊ दुबईहून आणणार आहे. काही अडचण? (रत्नागिरी)

आयफोन १७ पासून आहे. अमेरिकेत १४ पासूनच सिमचा खण नव्हता. १७ च्या वेळी अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन या आखाती देशांतही फक्त ई-सिमचे, म्हणजे वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच सिम असलेले फोन आले. भारतातल्या १७ मध्ये नॅनो सिम, म्हणजे नेहमीचं छोटं कार्ड चालतं. आयफोन एअर मात्र जगभर ई-सिमचाच. पुढच्या मॉडेलचं काय ठरतं ते ॲपलच्या त्या देशाच्या संकेतस्थळावर तपासूनच भावाला पैसे पाठवा. अमेरिकेतून येणार असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडून 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' आहे ना, म्हणजे फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही ना, हे भावाला तिथेच बघायला सांगा.

ई-सिम करताना *#०६# दाबा, ईआयडी (ई-सिमचा क्रमांक) आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दिसतात. जिओचं सिम असेल तर GETESIM, जागा सोडून ३२ अंकी ईआयडी, पुन्हा जागा, १५ अंकी आयएमईआय असा संदेश १९९ वर जातो. सिम बदललं की पुढचे २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. कर्जाचा हप्ता किंवा तिकिटं आदल्या दिवशी उरकून घ्या. तसंच सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

प्रश्न : चिनी फोनमध्ये ७,००० एमएएचची बॅटरी, आणि सॅमसंग अजून ५,००० वर. कंजूषपणा की काय? (लातूर)

थोडा सावधपणा, थोडा नियमांचा पेच. मोठ्या बॅटऱ्यांच्या ऋण टोकात ग्रॅफाइटसोबत सिलिकॉन मिसळलेलं असतं. ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅमला ३७२ एमएएच, सिलिकॉनची त्याच्या जवळपास दहापट. पण भारित होताना सिलिकॉन सुमारे तिपटीने फुगतं, रोजच्या फुगण्या-आटण्याने त्याला तडे जातात आणि बॅटरी लवकर थकते. म्हणून ते मर्यादितच मिसळतात.

दुसरं कारण वाहतुकीचं. बॅटरीतल्या एका सेलची ऊर्जा २० वॉट-अवरच्या वर गेली की धोकादायक मालाचे कडक नियम लागतात. ५,००० एमएएचला ३.८८ व्होल्टने गुणलं की १९.४ होतात, म्हणजे सीमारेषेच्या जेमतेम आत. त्यामुळे कुणी दोन सेल बसवतं, कुणी युरोपात पाठवायच्या फोनला लहान बॅटरी देतं. लीकमध्ये ७,००० वाचलंत तर तो आकडा चीनच्या आवृत्तीचा आहे का, ते बघा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर २० जून २०२५ पासून युरोपात विक्रीला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा भारित केल्यावरही ८० टक्के क्षमता राखायला हवी, आणि त्या फोनची बॅटरी किती वेळा भारित होऊन टिकते तो आकडा खोक्यावरच्या लेबलवर असतो. तेच मॉडेल युरोपातही येणार असेल तर तिथलं लेबल शोधा. भारतीय आवृत्तीची बॅटरी तीच असल्याची खात्री मात्र आधी करा.

प्रश्न : प्री-बुकिंगला जुना फोन एक्स्चेंज करायचाय. (पणजी)

बुकिंगला दाखवलेली रक्कम ही कमाल असते, पडद्यावर ओरखडा दिसला की दारात आलेला माणूस ती कापतो. त्यामुळे बुक करतानाच जुन्या फोनचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. आयफोन असेल तर ॲपल खात्यातून, अँड्रॉइड असेल तर गुगल खात्यातून आधी बाहेर पडा आणि मगच फोन पुसा. हे उलट केलंत तर फोन कुलूपबंद राहू शकतो आणि एक्स्चेंज नाकारलं जाऊ शकतं. आणि हो, नवा फोन सुरू होऊन बँकेची ॲपं चालू होईपर्यंत जुना देऊ नका. डिलिव्हरीच्या वेळीच जुना फोन मागत असतील, तर बँकेचं काम त्या दिवसापुरतं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यातून भागेल, अशी तजवीज ठेवा.